ढोल तापवावा लागतो

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
आजपासून रुद्राणीच्या भानगडीत पडायचं न्हाई. ठरलं. माझ्या महांतेशची पोरगी. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं आन् चार वर्षं झाली, पुण्यात हार्ड रॉक बँडमधी ढोल बडवायलीय. बँडचं नाव ‘भूकंप’. किल्लारीचा बघितला असता तर ठेवलं नसतं.

३ फेब्रुवारी
फोन केला. भानगडीत पडायला न्हाई, जेवली का विचारायला. म्हणली, सोळाला परभणीत प्रोग्राम हाय, मुंबईची कंपनी बघायला येणार, पसंत पडलं तर गाणी रेकॉर्ड करणार. गिटारवाला जीवन दुसरा ढोलवाला तयार ठेवून बसलाय म्हणे. ही चुकली की हिची सुट्टी. मी म्हणले, बरं होईल, लगीन तरी करशील. हसली. हसण्यासारखं काय होतं?

७ फेब्रुवारी
शेजारची कुसुमबाई विचारायली, नात काय करती. कंपनीत हाय म्हणले. खोटं कुठंय? कंपनी येणारच हाय.
महांतेश दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो, मला पोरगीच न्हाई. त्याला म्हणले, जिभेला काय हाड? माझं वेगळं. मी बोलते ते तिच्या भल्यासाठी.

१२ फेब्रुवारी
पंधराला ढोल पिकअपमधी घालून इथं बोरीलाच मुक्कामाला येणार, सकाळी परभणीला जाणार. ओसरीतली तुरीची पोती हलवली. तिच्यासाठी न्हाई. उंदरं झाली होती.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
आली. केस पोरासारखे. जेवताना ताटाच्या काठावर बोटं वाजवायली, तर महांतेश ताट उचलून दुकानात गेला.
ढोल पाच, झांजा चार. एकावर थाप मारून बघितली. बद्द! असला आवाज घेऊन मुंबई जिंकणार? पोरीला कोणी शिकवलंच न्हाई. हलगी असो, डफ असो, आधी शेकावा लागतो, तवा कुठं कडकडतो. रंगनाथ हलगीवाल्याला विचारून आले. म्हणला, मावशी, चामड्याचं असंल तर तापवा. म्हणजे माझंच बरोबर.

१६ फेब्रुवारी, सकाळी सहा
रुद्राणी झोपलीय. लिंगपूजा उरकून अंगणात तुराट्यांचा जाळ केला. पाचही ढोल गोल मांडले. आज परभणीला कळंल, आवाज कशाला म्हणतात.

सकाळी सात
प्लास्टिक निघालं.
तीन आक्रसले, एकाला भोक, एक बरा हाय पण फुगलाय. रुद्राणी ओरडली न्हाई. म्हणली, आज्जी, मला उठवायचं ना. ओरडली असती तर मलाबी दोन शब्द सुनावता आले असते.
सगळी चूक रंगनाथची. चामड्याचं असंल तर, हे जरा जोरात म्हणायचं होतं.

सकाळी आठ
महांतेशनं दुकानाचं शटर ओढलं, गाडी काढली. पोरीला घेऊन परभणीला गेला. मला चल म्हणलं न्हाई कोणी. मलाबी कुठं जायचं होतं?

१७ फेब्रुवारी
परभणीत एका दुकानात ढोलकी मिळाली, एका दुकानात ताशा. हिच्या ढोलावर ताणायचं पान कुठंच न्हाई. मग जीवननं दुसऱ्या ढोलवाल्याचे ढोल मागवले. ढोलासंगं ढोलवालाबी आला. त्यानंच वाजवलं. कंपनीला पसंत पडलं. जीवन महांतेशला म्हणला, हिचा हात चांगला हाय काका, पण बँडला भरवसा लागतो.
मी पहिल्या दिवशीच म्हणले होते, बरं होईल.

१९ फेब्रुवारी
पाथरीचं स्थळ काढलंय. पोरगा शिक्षक. मार्चात साखरपुडा उरकायचा. आता ती ऐकंल, दुसरं काय राहिलंय तिच्याकडं?

२० फेब्रुवारी
पहिल्या एसटीनं गेली. ढोल इथंच. महांतेश तिला स्टँडवर सोडून आला आन् आल्यापासून माझ्याशी बोलायला न्हाई. आता मलाच पोरगा न्हाई म्हणायची पाळी.

१२ मार्च
तिचा फोन आला. पुण्यात कुरिअरच्या ऑफिसात लागली, सकाळी नऊ ते सहा. ढोल कोणाला पायजे असले तर देऊन टाक म्हणली. मी म्हणले, आता कशी माणसांत आलीस.
मग विचारली, आज्जी, माझं वाजवणं एकदा तरी ऐकलंस का?
म्हणले, लय आवाज करतीस.
ती म्हणली, ऐकलंस का?
रेंज न्हाई म्हणून फोन ठेवला. रेंज फुल्ल होती.