जेनरेटरची उठाठेव

मंगळवार, १३ जानेवारी

वीज गेली! दुपारी दोन दहाला. दोन दिवस पाऊस पडत होता, झाडांवर पडला की तिथल्या तिथे गोठत होता. आज वारा सुटला आणि निम्मं जंगल तारांवर आडवं झालं. ड्रेस्डेनमधला चांगला फ्लॅट सोडून डोंगरातल्या या गावाच्या टोकाला घर घेतलं — का, तर शांतता हवी! घ्या शांतता.

शार्दूलच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी. तीन वर्षं गॅरेजमध्ये चादर पांघरून बसवलेला त्याचा जेनरेटर आज बाहेर निघाला. माझा नवरा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. जेनरेटर आणलाय पेट्रोलचा, आणि घरातली गाडी डिझेलची! म्हणजे गाडीतलं काढून त्यात घालायचीही सोय नाही. पेट्रोल किती आहे? बरोब्बर वीस लिटर. गॅरेजमध्ये नियमाने तेवढंच चालतं म्हणे. जर्मन पासपोर्ट मिळाल्यापासून हा माणूस एकविसावा लिटर उंबरठ्याच्या आत येऊ देत नाही.

हसतेय खरी. पण बाबांचं ऑक्सिजनचं मशीन त्या वीस लिटरवर आहे. सासरे नोव्हेंबरमध्ये सहज म्हणून आले, इथे न्यूमोनिया झाला, आता दिवसाचे सोळा तास नाकात नळी. मशीन बंद पडलं तर एक छोटा सिलिंडर. जेमतेम दीड तासाचा.

बुधवार, १४ जानेवारी

पेट्रोल पंपावर पेट्रोल आहे. वीज नाही, म्हणून वर येत नाही! शार्दूलने विचारलं, हाताने फिरवायचं काही नाही का? काउंटरवरच्या माणसाने असं पाहिलं, जणू याने बैलगाडी मागितली.

बाबांनी रबरी नळी मागितली. "कुणाच्या तरी गाडीतून ओढून घेऊ. साताऱ्याला जीपमधून काढायचो मी."

"बाबा, आता टाकीच्या तोंडाला जाळी असते."

"मग तुमची प्रगती कसली रे ही!"

फायर ब्रिगेडवाले येऊन गेले. म्हणाले, आजोबांना खालच्या गावात शाळेच्या हॉलमध्ये हलवा. बाबांना नाही म्हणायला जर्मन लागत नाही. नुसती पाठ फिरवली.

आणि संध्याकाळी फ्राऊ लिंडनर! वळणापलीकडच्या घरात एकट्या राहतात, वय ऐंशीच्या आसपास. तीन वर्षांत आमच्याशी बोलल्या त्या फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल — कुठला डबा कुठल्या वारी चुकला. आज हातात फोन आणि चार्जर. आधी तक्रार: "दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ असते. तुमच्या यंत्राचा आवाज माझ्या बेडरूमपर्यंत येतो." मग त्याच दमात: "फोन चार्ज होईल का?"

म्हटलं, होईल की! यंत्राचा आवाज नको, यंत्राची वीज चालते.

त्यांचं घर विजेवर तापतं, म्हणजे आता नुसता फ्रीज. कोट न काढता तीन तास स्वयंपाकघरात बसल्या. बाबा मराठीत बोलत होते, त्या सॅक्सन वळणाच्या जर्मनमध्ये. दोघांनी मिळून अर्धा किलो लसूण सोलला. ईप्सिताला म्हटलं, जरा सांग ना एकमेकांचं एकमेकांना. आमची बारा वर्षांची कन्या मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. मान वर न करता म्हणाली, त्यांना समजतंय की!

गुरुवार, १५ जानेवारी

आत्ता कुठे लिहायला बसलेय.

सकाळी तळाशी दोन-तीन लिटर उरलं होतं. जिथे वीज आहे असा पंप चाळीस किलोमीटरवर. शार्दूल नऊला कॅन घेऊन निघाला. बारापर्यंत येतो म्हणाला. साडेबारा. एक. फोनला नेटवर्क नाही. दीड वाजता जेनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. ऐन विश्रांतीच्या वेळेत! पाळला एकदाचा फ्राऊ लिंडनरचा नियम.

बाबांना सिलिंडर लावला. काटा हिरव्यात. मी काट्याकडे बघत बसले. ईप्सिता फायर ब्रिगेडकडे पळाली, तर तिथे कुणी नाही, सगळे रस्त्यावरची झाडं कापायला गेलेले. तीन वाजता काटा लाल पट्ट्यात टेकला. मग सिलिंडरही संपला. बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ८६. मग ८३. बाबांचे ओठ निळसर. "अगं क्षमा, काही नाही होत मला," म्हणाले, आणि तेवढं बोलूनच धाप लागली.

फ्राऊ लिंडनर अकरापासून बसलेल्या होत्या. उठल्या, खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "आइन्स, त्स्वाय, द्राय" — एक, दोन, तीन — आत. "आइन्स, त्स्वाय, द्राय" — बाहेर. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत श्वास घेत होते. उभ्या जन्मात कुणा परक्या बाईचा हात धरला नसेल या माणसाने. चाळीस मिनिटं सोडला नाही.

पावणेचारला शार्दूल आला — ट्रॅक्टरवर! शेतकऱ्याच्या शेजारी, मांडीवर कॅन घेऊन. गाडी वळणावर घसरून चरात गेलेली, मनगट सुजून पोळीएवढं. मी आधी पेट्रोल ओतलं. थोडं बर्फावर सांडलं. मशीन सुरू झालं, आकडा नव्वदवर चढला, आणि मग मी त्याच्यावर इतकी ओरडले की ट्रॅक्टरवाला चहा न घेताच गेला.

शुक्रवार, १६ जानेवारी

रेडिओ म्हणतो, बहुतेक भागांत वीज आली. या 'बहुतेक'मध्ये आमचं गाव कधी नसतंच. गाडी तेवढी ओढून आणली.

शनिवार, १७ जानेवारी

पुन्हा पेट्रोल! शार्दूल एका हाताने गाडी चालवत निघाला. फ्राऊ लिंडनर आता सकाळीच हजर असतात. "आज जाऊ नका," म्हणाल्या. मग परत. मग तिसऱ्यांदा, दाराशी उभ्या राहून. शार्दूल हसला: "फ्राऊ लिंडनर, पेट्रोल काही पायांनी चालत येत नाही." बाई घाईघाईने घरी निघून गेल्या. आता त्यांनाही राग यायला लागला आमचा! घरचीच झाली म्हणायची.

दोन तास मी खिडकीत. आला, धड आला. म्हणतो, खालच्या गावात दिवे लागलेत, आपली लाइन शेवटची दिसतेय. धुक्यात आम्हाला पुढचं घरही दिसत नाही, लाइन काय दिसणार!

संध्याकाळी फ्राऊ लिंडनर परत आल्या, पत्र्याच्या डब्यात सफरचंदाचा केक घेऊन. बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "अहो बाई, साखर कमी पडली."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं त्या म्हणाल्या आणि तिसरा तुकडा वाढला.

रविवार, १८ जानेवारी

डबा परत द्यायला गेले. सवयीने बेल दाबली. वाजली.

दार उघडलं. मागे दिवा, टीव्ही, गरम हवा. "कधीपासून?" — "शुक्रवार दुपारपासून." आणि आमचा मेन स्विच शार्दूलने जेनरेटरकडे फिरवून वर चिकटपट्टी लावलेली. आम्हाला कळणार कसं? मी तोंड उघडलं होतं — तो सुजल्या हाताने त्या बर्फावरून गेला, बाई! त्यांनी डबा घेतला. "सांगितलं असतं तर मला घरी बसावं लागलं असतं," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

घरी येऊन गुपचूप पट्टी काढली, स्विच फिरवला. बाबांचं मशीन आता खऱ्या विजेवर. जेनरेटर अंगणात उगाच घुरघुरतोय. घुरघुरू दे. चार लिटर आहे अजून.

पाच वाजता त्या येतील, मीच बोलावून आलेय. लसूण काढून ठेवलाय.