पुण्याला जायची माझी पूर्ण तयारी

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून स्पष्ट बोलायचं. घरात, बाहेर, सगळीकडे.

प्रियदर्शिनीचा पुण्याहून मेसेज. मार्चच्या चौदा-पंधराला तिथे गेमिंगवाल्यांचं संमेलन आहे. त्यात एक टेबल मी चालवावं असं सगळ्यांचं म्हणणं. मी. कापडे गावची.

टेबल चालवणं म्हणजे काय, हे बाबांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. प्रयत्न एक: चार जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, मी गोष्ट सांगते आणि पुढे काय होणार ते फासा टाकून ठरतं. प्रयत्न दोन: भजनासारखं, पण मध्ये राक्षस येतात.

प्रियदर्शिनीला आणि बाकीच्या तिघांना मी दोन वर्षं ऑनलाइन खेळवते. त्यांना वाटतं मी मुंबईची. मी तसं कधीच म्हटलेलं नाही. मुंबई-गोवा हायवेजवळ राहते म्हटलं होतं. ते खरं आहे.

आज बाबांना विचारणार होते. पण ते शेतातून थकून आले. उद्या.

३ फेब्रुवारी

बाबा थकलेले नव्हते. उलट खुशीत होते. खुशीतल्या माणसाचा मूड घालवू नये. याला टायमिंग म्हणतात, भीती नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

विचारलं! म्हणजे आईला. आई म्हणाली, बाबांना विचार. बाबा म्हणाले, तुझी आईस काय म्हणते? मी म्हटलं, आई म्हणते तुम्हाला विचार. मग बाबा म्हणाले, मुंबईला आवडीला फोन लाव. आवडी आत्या म्हणाली, एकटी? पुण्याला? लग्नाची पोर? माझं काय नाय गो, पण लोक काय म्हणतील. मी विचारलं, कोण लोक? आत्या म्हणाली, म्हणजे मीच की.

कोणीही ‘नाही’ म्हटलेलं नाही. म्हणजे तीन होकार प्रलंबित. पोलादपूरच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते, प्रलंबित म्हणजे नामंजूर नव्हे हे मला चांगलं माहीत आहे.

एक प्रामाणिकपणे नोंदवते. बाबांना वाटतंय की पुण्यात कसलीतरी मुलाखत आहे. घरात कॉलेज केलेली मी पहिली, त्यामुळे मी कुठेही निघाले की त्यांना कलेक्टर ऑफिस दिसतं. मी ‘खेळ’ हा शब्द स्पष्ट वापरला होता. तेव्हा ते पंप बंद करायला उठले होते, तो त्यांचा प्रश्न.

११ फेब्रुवारी

माझा वीस बाजूंचा जांभळा फासा गायब. शेवटी देवघरात सापडला. आईला वाटलं, आत्याने दिलेला ग्रहाचा खडा. त्याला हळदकुंकू वाहिलंय. आता उचलायचा कसा? तूर्त राहू दे. फोनवरचा फासाही चालतो.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

जबरदस्त सेशन. आमच्याकडे धड रेंज फक्त गावावरच्या पाण्याच्या टाकीजवळ. कानात हेडफोन घालून कठड्यावर उभी राहिले आणि खेळातल्या राखेच्या राणीचा प्रवेश केला. घोगरा आवाज, संथ हसू, एकेकाचा सर्वनाश करण्याची प्रतिज्ञा. प्रियदर्शिनी म्हणाली, अंगावर काटा आला, पुण्यात हेच कर.

टाकीकडे कोणी फिरकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने करता येतं. फक्त शेजारची बयाबाई लाकडं घेऊन चालली होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

१६ फेब्रुवारी

बयाबाईचं लक्ष होतं.

सकाळीच आईकडे आली. म्हणाली, सेजल टाकीवर एकटीच बोलत व्हती, बाप्याच्या आवाजात. तुमचा सर्वनाश करीन म्हणाली नि मंग हसली. आईने विचारलं, कोणाचा सर्वनाश? बयाबाई म्हणाली, नाव नाय घेतलं, पण बघत माझ्याकडंच व्हती.

मी शांतपणे समजावलं की ते नाटक होतं. आई म्हणाली, नाटकात समोर माणसं असतात. मी म्हटलं, होती ना, कानात.

हे वाक्य वेगळ्या तऱ्हेने मांडता आलं असतं.

रविवारी गावदेवीला कौल लावायचा ठरलाय. पोरीला काही बाधा आहे का, ते विचारायला.

१८ फेब्रुवारी

परिस्थिती माझ्या हातात आहे. शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की ही संधी आहे.

कौल म्हणजे सोनबा गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. म्हणजे पन्नास टक्के. आत्याकडे शून्य टक्के आहेत.

बाबांना म्हटलं, बाधेचं कशाला विचारायचं, सरळ विचारू की हिला पुण्याला पाठवू का. बाधा असेल तर देवी वेशीबाहेर सोडणारच नाही. बाबा म्हणाले, डोका चालतंय तुझा. मंग बाधा नसंल.

२२ फेब्रुवारी, रविवार

उजवी.

सोनबाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत पडली. आईने डोळे पुसले. आत्या फोनवर म्हणाली, देवीच बोलली तर मी कोण लोक? बयाबाईनेही आता मला ओवाळायचं ठरवलंय.

परत येताना बाबा म्हणाले, एकटी जाऊन ये. मग थोडं चालल्यावर म्हणाले, खेळच हाय ना तो? राकीस-बिकीस? मी थांबलेच. बाबा म्हणाले, तू टाकीवर फोनवर बोलतेस ते खाली गोठ्यात आयकू येतं गो. तो म्हातारा जादूगार मेला तवा मला वाईट वाटला.

आता काहीच अडचण नाही. काहीच नाही.

२५ फेब्रुवारी

बाबा पोलादपूर स्टँडवर जाऊन पुण्याच्या गाडीची वेळ विचारून आले. मला नवी बॅग आणली. चाकांची.

प्रियदर्शिनीने पोस्टर पाठवलं. राखेच्या राणीचं चित्र, खाली ‘सेजल, मुंबई’. दुरुस्त करायला सांगणार होते, पण छापून झालं म्हणते. शिवाय तिथे व्हिडिओ काढणार आहेत. भोवती लोक उभे राहून बघतात म्हणे. त्या चौघांनी मला कधी पाहिलेलं नाही. टाकीवर मला मीही दिसत नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. आरशासमोर राणीचा आवाज करून पाहिला. आवाज आला नाही. हवा बदललीय.

१ मार्च, रविवार

एक तांत्रिक मुद्दा.

कौल लावताना प्रश्न होता, पुण्याला पाठवू का. ‘खेळायला’ हा शब्द कोणीच उच्चारला नाही. शिवाय गाभाऱ्यात टेबलफॅन चालू होता आणि वारा उजव्या पाकळीवर होता. मी दोन वर्षं खेळ चालवतेय. असा फासा मी कोणाचाही ग्राह्य धरला नसता. मग स्वतःचा कसा धरू?

इथे जायचं की नाही हा मुद्दाच नाही. मुद्दा नियमाचा आहे.

पण आता शिमगा. देवी पालखीत बसून घरोघर फिरतेय. ती देवळात परत आली की बघू.

९ मार्च, सोमवार

दुकानातून येताना देवळात गेले. एकटीच. सोनबा म्हणाला, एकदा उजवा दिलाय, परत कशाला मागतेस? देवीला वाटंल, हिला माझा भरवसा नाय. मी म्हटलं, काका, फॅन बंद करा. आणि प्रश्न पूर्ण सांगितला: पुण्याला, खेळायला, लोकांसमोर.

खूप वेळ काहीच पडलं नाही. मला आधी वाटलं की पडूच नये. मग वाटलं की पडावी. कोणती, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

डावी पडली.

सोनबा पाकळी उचलत म्हणाला, पयला तिनं दिलावता. ह्यो तू मागून घेतलास.

घरी येऊन लगेच सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. आई म्हणाली, तिसऱ्यांदा विचारू? मी म्हटलं, तसं नसतं, आई. कुठेतरी थांबावं लागतं.

बाबा जेवण झाल्यावर म्हणाले, जायचाच नव्हता तर मला सांगायचास. देवीला कशाला मधी घातलास?

बाबांना नियमांची बाजू समजत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पण झोप छान लागेल असं वाटतंय, हे आश्चर्य.

१२ मार्च, गुरुवार

दुकानाला सुट्टी. टाकीखालच्या शेतात सकाळपासून वाल काढतोय, मी आणि बाबा. मध्येच प्रियदर्शिनीला कळवून टाकलं: सॉरी, येता येणार नाही, घरून परवानगी मिळाली नाही. हे खोटं नाही. देवी घरचीच आहे.

तिचं लगेच उत्तर आलं. फार चांगली मुलगी आहे. म्हणाली, मुलींना हे नेहमीचंच गं, मला माहीत आहे, माझ्याही घरी असंच होतं. तू तुझ्या बाबांना फोन दे. मी समजावते त्यांना, मला जमतं.

बाबा समोरच बसले होते. हात रिकामे होते. कोणाचा फोन हाय, म्हणून विचारलंही.

मी लिहिलं, इथे अजिबात रेंज नाही.

दोन निळ्या टिक्स लगेच आल्या.