निपाणीच्या शाळेतला तास

प्रिय आक्का,

काल निपाणीच्या त्या शाळेत गेले होते. तुझं काम आता माझ्याकडे आलंय, हे तुला कोण सांगणार? म्हणून लिहितेय.

मुलांनी गुंडांच्या टोळ्यांत जाऊ नये म्हणून शाळांत तास घेतात. ते ठरल्याप्रमाणे होतात का, हे मागच्या बाकावर बसून बघायला तूच मला शिकवलंस. पहिल्यांदा इथंच आणलंस. आठवतं? त्या दिवशी मुलांकडून नाटक करून घ्यायचं होतं. टोळीचा भाई बोलावतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? पाटील सरांनी धडा नुसता वाचून दाखवला आणि फळ्यावर लिहिलं, 'वाईट संगत टाळावी.'

मला सरांचा राग आला होता. तू मात्र तास संपल्यावर हळूच विचारलंस, "सर, नाटक का घेतलं न्हाय?"

"बाई, इथल्या भाईचा पुतण्या ह्याच वर्गात हाय. संध्याकाळी मला त्यांच्याच गल्लीतनं घरी जायचं असतंय."

"तास झाला न्हाय, असंच अहवालात लिहिणार मी. पण का झाला न्हाय, ते बी लिहीन. पुढच्या आठवड्यात घेऊया. मी येते."

किती सरळ बोलायचीस गं तू. समोरच्याला कमीपणा न आणता.

काल सरांनी तोच तास नव्या वर्गावर घेतला. भाई झालेल्या मुलानं गाडीवर बसायला बोलावलं, एक पिशवी लपवून ठेवायला पुढं केली. एक मुलगी म्हणाली, "मला यायचं न्हाय. तुझी पिशवी बी ठेवून घेणार न्हाय." वर्ग हसला. मी तर तुझ्याकडे वळून बघणार होते.

नंतर सरांनी विचारलं, "मोठ्या बाई आल्या न्हाईत?" त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. तू गेलीस, हे मी सांगितलं. सर खाली बसले.

"पहिल्यांदा नाटक घेतलं तवा लई भ्यालतो. तो आठवडाभर त्या रोज यायच्या. गल्ली संपेपर्यंत माझ्याबरोबर चालायच्या. चहा प्यायला येते म्हणायच्या."

आणि मला काय सांगायचीस? निपाणीत बाजार करून येते. रोज रोज कसला बाजार गं? चिकोडीला घरी उशिरा पोचायचीस, मी चिडायची, तू गप्प जेवायचीस. आजारपणही तसंच लपवलंस. त्या गल्लीचं सांगितलं असतंस तर मीही तुमच्याबरोबर चालले असते की.

आक्का, जे झालं नाही ते झालं, असं मी कधी लिहिणार नाही. आणि शिकवणाऱ्याला भीती वाटत असेल, तर तेवढं लिहून परतीची बस धरणार नाही. त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालेन.

तुझीच,
सुमी