ओट्याची उंची

प्रिय बाबा,

तुम्हाला फक्त अहवाल पाठवते आहे. हे पत्र माझ्या वहीतच राहील.

बेटावरचं घर आज तपासलं. खाऱ्या हवेने व्हरांड्याच्या दोन खांबांतलं लोखंड गंजलंय. इंजिनिअर लेकीला न विचारता तुम्ही हे घर घ्यायला होकार देऊन मोकळे झालात, याचा राग आला होता.

स्वयंपाकघरात टेप लावली. ओटा अठ्ठावीस इंच, नेहमीपेक्षा चार इंच बुटका. ‘दोष’ म्हणून नोंदवला.

दलाल हसला. “ताई, तुमचे वडील याच ओट्यापाशी उभे राहिले. म्हटलं, काका, बाकीच्या खोल्या तरी बघा! तर म्हणाले, ‘बघितलं सगळं. घेतलं.’”

आपल्या घरी आई जन्मभर पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. “यंदा ओटा उतरवून घेऊ,” असं तुम्ही दरवर्षी म्हणायचात. ती गेली तेव्हाही पाट तिथेच होता.

मी त्या ओट्यापाशी उभी राहिले. समोरच्या खिडकीतून ऊन थेट हातांवर येतं. मग नोंद खोडली.

अहवालाच्या शेवटी लिहिलंय: ‘खांब दुरुस्त करून घर घ्यावं. ओट्याला हात लावू नये.’ कारण दिलेलं नाही.

आईच्याच उंचीची,
तुमची लेक