पिंगळ्याला जागा दिली त्याची हकीकत

बेंबळी, जि. उस्मानाबाद
होळीनंतरचा सोमवार, १९७३

तीर्थस्वरूप आबाराव दाजींच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे महारुद्रचा, साष्टांग दंडवत. (कंबर धरली आहे, तेव्हा दंडवत कागदावरच पावला असं समजावं.) आक्काचा दमा कसा आहे? पुण्याला नळाला रोज पाणी येतं हे ऐकून इथं सगळ्यांना बरं वाटतं. येत नसलं तरी तसं कळवू नका, तेवढाच एक आधार आहे. आमच्याकडं सगळं क्षेम. म्हणजे विहिरीचा तळ दिसतो, बैल दावणीला उभे आहेत एवढंच, आणि चांगुणा माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. नवराबायकोत हे जे आलंय त्याला कारण आपलं पुस्तक आहे. रागावू नका, सविस्तर सांगतो.

आपलं कार्ड पोचलं. अमावास्या झाली की आपण भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र घेऊन येणार आणि आमच्या वाचनालयात 'पिंगळा' या विषयावर व्याख्यान देणार, हे वाचून फार आनंद झाला. म्हणजे व्हायला पाहिजे होता. पण दाजी, मी लई थकलोय हो. दिवसा वाचनालय सांभाळायचं आणि उरलेला वेळ ते सांभाळल्याबद्दल बोलणी खायची, यात माणसाचं काय उरतं?

झालं असं. गाव सगळं दिवसभर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडतं आणि संध्याकाळी सरकारी सुकडी खाऊन वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसतं. (वाचायला नव्हे. ओट्यावर वारा लागतो.) मी म्हटलं, बसलेच आहेत तर कानावर काही चांगलं पडू द्या. वाचनालयाच्या खोलीच्या झरोक्यात बारक्या घुबडांची, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या पिंगळ्यांची, जोडी राहते आणि लोक अशुभ म्हणून त्यांना दगड मारतात. म्हणून आपल्या पाखरांच्या पुस्तकातलं पिंगळ्याचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. हेतू साफ होता, देवाशपथ. आपण लिहिलंयही काय सुंदर! पिंगळा भल्या पहाटे दाराशी बोलतो. अडाणी लोक त्याला हाकलतात, पण तो गावाचा मित्र आहे. तो जोडीनं राहतो. आज त्याला राहायला जागा उरलेली नाही, पडक्या भिंतीच्या आडोशानं तो कसेबसे दिवस काढतो. गावानं त्याला आसरा दिला तर गावाचंच भलं होईल. आता दाजी, आपणच सांगा, यात पाखरू हा शब्द कुठं आहे? पुढच्या पानावर त्याची उंदीर मारण्याची कामगिरी आहे म्हणे, ते वाचलं असतं तर उलगडा झाला असता. पण ते पान उंदरांनीच खाल्लंय.

पुण्यात राहून आपण विसरलात, पण आपल्या भागात पिंगळा म्हटलं की पाखरू कुणाच्याच डोळ्यापुढं येत नाही. येतो तो पहाटे कंदील घेऊन, कुडबुडं वाजवत, दारोदार भविष्य सांगत फिरणारा माणूस. असा एक गोरोबा पिंगळा यंदा आमच्या गावात अडकून पडलाय. ही माणसं एका गावात टिकत नाहीत, पण त्याच्या बायकोच्या, कोंडाबाईच्या, पायावर कामावर दगड पडला, तेव्हापासून तिला चालता येत नाही. दोघं पडक्या चावडीच्या भिंतीला पोतं बांधून राहायची. (भविष्य सांगायचं म्हटलं तरी यंदा कुणाला सांगणार? सगळ्यांना आपापलं ठाऊक आहे.)

मी वाचत गेलो. बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, बघा, घुबडासाठी रडणारं माझं गाव! मलाच हुंदका आला. सोसायटीचे चेअरमन हणमंतप्पा, खताची पोती ठेवायला आमच्या खोलीवर ज्यांचा कधीपासून डोळा आहे, तेच उठून म्हणाले, "पुस्तकातच लिवलंय म्हणल्यावर आपुन माणसं हाव का न्हाय? पिंगळ्याला वाचनालयात जागा द्या." मी समजलो, झरोका बुजवायचा नाही एवढंच ठरतंय. दोन्ही हात वर करून अनुमोदन दिलं. तिथं थांबायचं ना! पण नाही, मी ओरडलो, "कायमची द्या! जोडीला द्या! पिल्लं झाली तरी हलवू नका!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. उभ्या जन्मात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्या अशा.

सकाळी जातो तर दार उघडं, आत तीन दगडांची चूल, आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून कोंडाबाई बसलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हात जोडले. म्हणाली, "दादा, पिल्लं झाली तरी हलवू नका म्हणलात, त्ये ऐकून ह्यास्नी लई रडू आलं." (लेकरू नाही त्यांना. लग्न होऊन केस पिकले.) आता तिथं मी पाखराचं काय सांगणार होतो? म्हटलं, चूल जरा कोपऱ्यात घ्या, आणि घरी आलो.

वाचनालय आता आमच्या घरी आहे. कणगीत यंदा ज्वारी नव्हतीच, तिच्यात कादंबऱ्या भरल्यात. कुणी पुस्तक मागायला आलं की मी डोक्यापर्यंत कणगीत वाकतो, म्हणून कंबर धरलीय. चांगुणा म्हणते, निदान उंदरांची तरी सोय झाली. झरोक्यातली घुबडं तिथंच आहेत, चौघांचं छान जमतंय. गावात ही चूक मला आणि चांगुणालाच माहीत आहे, पण हणमंतप्पांना दुसऱ्या दिवशी आपली पोती आठवली आणि कुठंतरी वास लागला. ते आता पारावर सांगत फिरतात, पुस्तक लिहिणारा सायब स्वतः येतोय, पिंगळा म्हणजे कोण ते त्याच्याच तोंडून ऐकू. आपण भिंतीवर घुबडाचं चित्र दाखवलं की त्याच रात्री खत आत आणि कोंडाबाई बाहेर. पोती त्यांनी मागवूनही ठेवलीत.

बाकी ठीक. आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आपल्या व्याख्यानाची गाव वाट पाहतंय.

आपला,
महारुद्र

ता. क. आपण येऊ नये.

ता. क. वरचं वाक्य तुटक वाटलं असेल तर क्षमा असावी, कंबर दुखत असताना लिहिलंय. आणि यंत्र भाड्यानं ठरवून झालं असेल, यावंच लागत असेल, तर बेडकावर बोला. बेडूक नावाचं गावात कुणी राहत नाही, मी चौकशी केली आहे.

ता. क. पत्र टपालात टाकायच्या आधी एवढं लिहितो. आज पहाटे गोरोबा सगळ्यांत आधी आमच्या दारात उभा राहिला. कुडबुडं वाजवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "पुण्याचा पाव्हना निघता निघता थांबंल, मालक. येनार न्हाय." म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. कधीपासून, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही. भिक्षा न घेताच तो वळला. दाजी, या माणसाचं एकही भविष्य आजवर खरं झालेलं मी पाहिलं नाही. एवढं एक होऊ द्या.