मी चालायला येते

टेंभुर्णी,
ता. १८-११-९७, मंगळवार

चि. सौ. उषा हिला तिच्या सासूचे पोटभर आशीर्वाद. विहीणबाईंना माझा रामराम सांग. इकडं सगळं ठीक. कापसाची दुसरी वेचणी चालू हाय, बाया मिळंनात म्हणून मीच ओटी बांधून जाऊन राह्यले. लाल गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या मामंजींचा खोकला हाय तसाच. बिडी सोडा म्हणलं की माझ्यावरच डाफरतात.

राजगिऱ्याचे लाडू पोचले का? गूळ कडक झाला होता, मला माहीत हाय. दुधात बुडवून खा.

मच्छिंद्र रविवारी अंबडहून आला अन् ताटावर बसंना. म्हणला, "आई, उषा अंथरुणावरून उठत न्हाई. सहावा लागला, डॉक्टरीणबाईनं तपासलं, सगळं बराबर हाय, रोज चाला म्हणल्या. तरी मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरून जाती." मी म्हणलं, मंग विहीणबाई काय करून राह्यल्या? झालं, त्यांच्यावरच घसरले. जीभच तसली माझी. पोरगं म्हणलं, "मागच्या साली दवाखान्यात तू जे बोलली, ते तिच्या डोक्यातून जात न्हाई."

मी उठले अन् भांडी घासायला बसले.

सोमवारी उपकेंद्रात गेले. मैमूना सिस्टरला म्हणलं, सुनेला चालतं करायचं हाय, नीट सांग, अर्धवट नको. तिनं सांगितलं तसं लिहिते. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. मंग रोज थोडं थोडं वाढवत अर्ध्या तासावर न्यायचं. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागून बोलणं तुटलं की हळू व्हायचं. उन्हात न्हाई, उपाशी न्हाई, पाणी पीत राह्यचं. पळणं, उड्या, तोल जाईल असलं काही आता बिलकुल नको. उताणं पडून व्यायाम करायचा न्हाई. रक्त दिसलं, पाणी गेलं, चक्कर आली, पोट आवळून दुखलं, तर तिथंच थांबून दवाखाना गाठायचा. तुझं अंग आधीपासून खेळातलं हाय ते चांगलंच झालं म्हणली.

गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन मांजरीसारखी पाठ वर करायची, असंबी एक हाय. मी अंगणात करून बघितलं तर तुझे मामंजी म्हणले, काय हरवलं का?

आणखी एक लिहायला लाज वाटते, पण बाईनं बाईला न्हाई सांगायचं तर कुणाला? लघवी रोखल्यासारखं आतून आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. बसल्या बसल्या होतं. आताबी अन् बाळंतपणानंतरबी. चार लेकरांनंतर मला शिंक आली की लुगडं बदलावं लागतं, अन् हे मला कुणी सांगितलं न्हाई! पोट बांधून सव्वा महिना शेगडीपुढं पाडून ठेवलं होतं. तुझं तसं करायचं न्हाई. नीट सुटका झाली तर दुसऱ्या दिवसापासून खोलीत हळूहळू फिरायचं, टाके असले तर डॉक्टरीणबाईला विचारून. खो-खो मात्र काही महिने थांबंल.

इथवर लिहून पाकीट चिकटवलं होतं. पुन्हा उघडलं.

उषा, मी सिस्टरला आणखी एक विचारलं होतं. पहिलं गेलं ते शाळेच्या मैदानावर पळण्यानंच ना? ती म्हणली, "न्हाई काकू. तिसऱ्या महिन्यात जातं ते बहुतेक वेळा गर्भच नीट धरलेला नसतो. पोरींना खेळ शिकवला म्हणून जात न्हाई." मी तिथंच बाकड्यावर बसले. तिनं पाणी दिलं.

मच्छिंद्रच्या आधी माझी दोन गेली. त्याला ठाऊक न्हाई, कुणाला सांगितलं न्हाई. पहिल्या वेळी सासूबाई म्हणल्या, विहिरीवर दोन खेपा जास्त केल्यास, तूच घालवलंस. म्हणून दुसऱ्या वेळी मी खाटेवरून पाय खाली टाकला न्हाई. तरी गेलं. तेव्हाच मला कळायला पायजे होतं. न्हाई कळलं. तीस वर्षं ते बोलणं उरावर घेऊन फिरले, अन् तू दवाखान्यात पांढरीफटक पडलेली असताना तेच जसंच्या तसं तुझ्या अंगावर टाकलं. चार बायांसमोर.

तुझे पांढरे बूटबी मीच ज्वारीच्या कोठीमागं लपवले. कुत्र्यानं नेले म्हणलं ते खोटं. आज धुऊन खडू लावून वाळत घातले.

त्या चौघींच्या दारी काल जाऊन आले. म्हणलं, उषानं काही केलं न्हाई, मी चुकीचं बोलले. तुळजाबाई म्हणली, "केशर, तुला ताप आला का गं?"

येत्या सोमवारी सकाळच्या एसटीनं निघते, जालन्याला गाडी बदलून दुपारी अंबड. सुनेच्या माहेरी सासू राहायला जात न्हाई, मला ठाऊक हाय. लोक हसतील, हसू दे. विहीणबाईंना सांग, मानपान काही नको, कोपऱ्यात चटई टाका. पंधरा दिवस राहीन. रोज सकाळी तुझ्या जोडीनं चालीन. बोलायचं नसलं तर बोलू नको, शिव्या द्यायच्या असल्या तर दे. खाऊन घेईन.

पुढं सगळं नीटच होईल असं मी कसं लिहू? सिस्टर म्हणती होईल, मलाबी वाटतं होईल. पण मागचं काय झालं ते मला आता ठाऊक हाय, अन् ते तुला माझ्याच हातानं लिहून पायजे म्हणून लिहिते. तू न्हाई घालवलंस. ऐकतीस ना? तू न्हाई घालवलंस, पोरी. उठ.

तुझी चुकलेली,
केशर