शेवटचं बेट सुटेपर्यंत

सांगवी, ता. बारामती
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय गेणू,

सप्रेम जय भीम. इकडे थंडी पडू लागली. माळेगावच्या कारखान्याचं गाळप सुरू झालंय, रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. तू आणि तुझ्या कचेरीतल्यांनी मिळून लिहिलेलं, लंडनच्या वसाहत खात्याच्या इतिहासाचं पुस्तक मागच्या महिन्यात पोचलं. आत तुझं नाव छापलंय, त्यावरून मी आईचं बोट फिरवलं.

रोज दुपारी तिला मराठीत सांगत वाचायचे. एकसष्ट साली, त्या खात्यात नोकरी लागल्यावर, तू लिहिलं होतंस, "इंग्रजांच्या ताब्यात बेटं आहेत तोवर आम्हाला सुट्टी कुठली?" तुझी थट्टाच ती. आईनं खरी धरली: शेवटचं बेट सुटलं की तू घरी येणार. एखादं बेट स्वतंत्र झाल्याचं रेडिओवर सांगितलं की गल्लीत साखर वाटायची. शेजारच्या सारजावहिनी चिडवायच्या, "आक्काबाई, आज कुठलं बेट सुटलं?"

"नाव न्हाय येत गं. पन येक कमी झालं."

सहासष्टात तुमचं खातं दुसऱ्या खात्यात मिसळलं, तेव्हा तिनं तुझी गोधडी उन्हात घातली. तू कळवलंस, नाव बदललं, टेबल तेच. तिनं गोधडीची घडी करून परत पेटीत ठेवली.

यंदा हाँगकाँगमध्ये इंग्रजांचा झेंडा उतरताना तिनं टीव्हीवर पाहिला.

"लई मोठं हुतं व्हय?"

"हो, आई."

"मग गेणूचं काम सरलं."

पुन्हा साखर, पुन्हा गोधडी. तेव्हापासून ओट्यावर बसायची, एसटीच्या रस्त्याकडे तोंड करून.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, अजून काही बेटं आपल्याकडे, म्हणजे इंग्रजांकडे, आहेत. तिनं विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "सगळी सुटली, आई." खोटं बोलू नये म्हणून मिशनच्या शाळेत सिस्टरांनी केवढं शिकवलं होतं मला.

"मग गाडी चुकली आसंल त्येची," आई म्हणाली.

रविवारी तुला दोनदा फोन लावला. यंत्रातून तुझाच आवाज आला, निरोप ठेवा म्हणाला. यंत्राला ते सांगवेना. तिसऱ्यांदा लावला तो नुसता तुझा आवाज ऐकायला.

गेणू, आई शनिवारी पहाटे गेली. ओट्यावर नाही, आत, तुझ्या गोधडीत. बुद्धवंदना झाली. अग्नी मी दिला.

उरलेल्या बेटांचं मला काही विचारायचं नाही. गोधडी मी धुतलेली नाही. आईच्या अंगाचा वास अजून आहे तिला. तो जायच्या आत ये.

तुझी,
रतनताई